बायबलच्या वंशावळींतली नावं: अर्थ लावण्याआधी काय आणि कोणत्या क्रमाने तपासायचं

बायबलमधल्या वंशावळी वाचताना बहुतेकजण एकाच जागी चुकतात. नाव दिसलं की लगेच त्याचा अर्थ शोधायला जातात, इंटरनेटवरच्या यादीतला पहिला अर्थ उचलतात आणि त्याच्यावर उपदेश, संडे स्कूलचा पाठ किंवा बारशाच्या पत्रिकेतलं वाक्य उभं करतात. अर्थ हे या कामातलं शेवटचं पाऊल आहे. त्याआधी यादी कसली आहे, माणूस नेमका कोणता, नावाची मूळ अक्षरं कोणती आणि दुसऱ्या यादीत तेच नाव कसं लिहिलंय, हे बघावं लागतं. हे न करता काढलेला अर्थ बरोबर आला तरी तो नशिबाने आलेला असतो.

सगळ्यात मोठा घोळ वेगळाच आहे. शास्त्रातली कथा नावाबद्दल जे सांगते ते एक, आणि भाषेच्या अभ्यासातून नावाचं जे मूळ निघतं ते दुसरं. पुष्कळदा या दोन गोष्टी जुळत नाहीत, आणि त्या जुळवायच्याही नसतात. खाली दिलेल्या टप्प्यांत त्या पहिल्यापासून शेवटपर्यंत वेगळ्या ठेवल्या आहेत.

## तयारी

मराठीतली दोन भाषांतरं जवळ ठेवा. विशेषनामांची लेखनं भाषांतरागणिक बदलतात, आणि एकाच प्रतीवर काम केलं की हा बदल लक्षातच येत नाही. पंडिता रमाबाईंनी मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून केलेलं, १९२४ साली छापून आलेलं भाषांतर मिळालं तर तेही घ्या.

हिब्रू ओळीखाली शब्दशः अर्थ आणि प्रत्येक शब्दाचा स्ट्राँग क्रमांक देणारी प्रत हवी. मोबाइलवर ती फुकट मिळते. जेम्स स्ट्राँग यांच्या १८९० सालच्या शब्दसूचीतून आलेले हे क्रमांक हिब्रूसाठी 'एच' आणि ग्रीकसाठी 'जी' या अक्षराने सुरू होतात. सोबत एक चांगला हिब्रू कोशही लागेल.

हिब्रूची २२ अक्षरं ओळखता आली पाहिजेत. व्याकरण आलं नाही तरी चालेल, अक्षरं मात्र टाळता येत नाहीत. स्वरचिन्हांची फार काळजी करू नका. ती मजकुरात पुष्कळ शतकांनी भरली गेली, मूळ लेखन व्यंजनांचंच होतं.

वहीत आडव्या पानावर सात रकाने आखा: संदर्भ, मराठी रूप, हिब्रू अक्षरं व क्रमांक, समांतर यादीतलं रूप, कथेतलं स्पष्टीकरण, भाषिक मूळ, खात्री. पाचवा आणि सहावा रकाना एकत्र करायचा मोह होईल. करू नका.

सावधान: स्ट्राँग क्रमांकापुढे दिलेला एका ओळीचा अर्थ म्हणजे कोश नव्हे. तो क्रमांक तुम्हाला योग्य शब्दापर्यंत नेऊन सोडतो, एवढंच त्याचं काम. विशेषनामांच्या बाबतीत त्या ओळीत पुष्कळदा जुने अंदाजच असतात.

## टप्पा १: यादी कसली आहे ते ठरवा

उत्पत्ती ५ आणि उत्पत्ती ११ मध्ये बापानंतर मुलगा अशी एकच सरळ ओळ चालते. उत्पत्ती १० तशी नाही. तिथली बरीच नावं लोकांची आणि देशांची आहेत. मिस्राईम म्हणजे मिसर देश; नावाच्या शेवटचं 'आईम' हे हिब्रूतलं द्विवचनाचं रूप आहे. लूदीम, अनामीम यांच्या शेवटचं 'ईम' हे अनेकवचन, म्हणजे ती माणसं नसून जमाती आहेत. कनानाचा ज्येष्ठ मुलगा म्हणून आलेला सीदोन हे समुद्रकाठचं शहर आहे. अशा नावाला व्यक्तीचं नाव समजून 'याच्या आईबापाने हे नाव का ठेवलं असेल?' असं विचारलं की पुढचं सगळंच चुकतं.

१ इतिहास २:५०-५१ मध्ये शोबाल हा किर्याथ-यारीमाचा बाप आणि सल्मा हा बेथलेहेमाचा बाप म्हटला आहे. दोन्ही गावं आहेत. तिथे 'बाप' म्हणजे गाव वसवणारा किंवा त्या गावच्या घराण्यांचा मूळपुरुष.

सरळ ओळीच्या यादीतसुद्धा प्रत्येक पिढी दिलेली असतेच असं नाही. मत्तय १:८ मध्ये योरामानंतर थेट उज्जीया येतो. राजांच्या इतिहासाप्रमाणे मधे अहज्या, योवाश आणि अमस्या हे तीन राजे होऊन गेले. एज्रा ७:३ मध्ये मरायोथ आणि अजऱ्या यांची जोड १ इतिहास ६ शी लावून बघा, मधली सहा नावं गाळलेली दिसतील. 'मुलगा' हा शब्द हिब्रूत वंशज या अर्थानेही चालतो.

तपासा: यादीत शहर, देश किंवा 'ईम'ने संपणारं नाव आहे का? असेल तर वहीत त्या ओळीपुढे 'लोक' किंवा 'स्थळ' लिहा आणि मगच पुढे जा.

## टप्पा २: माणूस नेमका कोणता

एकाच नावाची अनेक माणसं आणि एकाच माणसाची अनेक नावं, दोन्ही प्रकार वंशावळींत भरपूर आहेत.

उत्पत्तीच्या पहिल्या पाच अध्यायांतच हनोख दोन आहेत: एक काइनाचा मुलगा (उत्पत्ती ४:१७), दुसरा यारेदाचा (५:१८). लामेखही दोन, एक काइनाच्या वंशात, दुसरा शेथाच्या वंशात नोहाचा बाप. नाहोर हा अब्राहामाचा आजा आणि भाऊही. मथुशाएल आणि मथुशलह ही नावं दिसायला जवळची, पण माणसं निराळी आणि शेवटचे घटकही निराळे.

उलट बाजूला, यहोयाखीन, यखन्या आणि कोन्या हा यहूदाचा एकच राजा आहे. नावाचे घटकही तेच: 'स्थिर करणे' हा धातू आणि परमेश्वराचं नाव. फक्त कधी देवाचं नाव आधी येतं, कधी शेवटी, आणि कोन्यामध्ये क्रियापदाच्या सुरुवातीचं योद हे अक्षर गळलेलं आहे. यहोआहाज आणि अहज्या ही जोडीही अशीच (२ इतिहास २१:१७ आणि २२:१). राजाचं नाव दुसऱ्या सत्तेने बदललं असंही घडतं: फारो नखो याने एल्याकीमाचं यहोयाकीम केलं (२ राजे २३:३४), बाबेलच्या राजाने मत्तन्याचं सिद्कीया केलं (२४:१७).

तपासा: संदर्भाच्या रकान्यात अध्याय-वचनासोबत 'अमक्याचा मुलगा, तमक्याचा बाप' एवढं लिहिलंय का? नुसतं 'लामेख' लिहून पुढे गेलात तर दोन पानांनंतर गोंधळ होणार.

## टप्पा ३: देवनागरी सोडा, मूळ अक्षरांवर या

मराठी वाचकाचा पाय इथेच सगळ्यात जास्त घसरतो. हिब्रूतली वेगळी अक्षरं देवनागरीत एक होऊन जातात. 'हे' आणि 'खेत' ही दोन्ही अक्षरं आपण 'ह'ने लिहितो. अलेफ आणि आयिन दोन्हींसाठी स्वर. काफ आणि कोफ दोन्हींसाठी 'क'. साद आणि सामेख दोन्हींसाठी 'स'. धातू तीन व्यंजनांचा असतो. त्यातलं एक जरी चुकलं तरी तुम्ही भलत्याच शब्दाचा अर्थ शोधत बसता.

याचं उत्तम उदाहरण उत्पत्ती ११ मध्येच आहे. तेरहाचा मुलगा हारान ऊर गावी मरतो. पुढे तेरह आपलं कुटुंब घेऊन हारान नावाच्या शहरात जाऊन राहतो. मराठीत दोन्ही 'हारान'. त्यामुळे बापाने मेलेल्या मुलाचं नाव गावाला दिलं अशी हृद्य गोष्ट उपदेशांतून ऐकायला मिळते. हिब्रूत मुलाचं नाव 'हे'ने सुरू होतं आणि शहराचं 'खेत'ने. नावं वेगळी, मूळही वेगळं. शहराचं नाव अक्कादी या मेसोपोटेमियातल्या प्राचीन भाषेतल्या वाट, मार्ग या शब्दाशी जोडलं जातं. ते व्यापारी रस्त्यांवरचं ठाणंच होतं. मूळ अक्षरं बघायला मिनिटही लागत नाही, आणि ती गोष्ट तिथेच थांबते.

दुसरं उदाहरण राहाब. मत्तय १:५ मधली यरीहोची राहाब रेश-खेत-बेत या अक्षरांची, अर्थ 'विस्तीर्ण', क्रमांक एच ७३४३. स्तोत्र ८९ आणि यशया ५१ मधला राहाब रेश-हे-बेत, उद्धटपणाशी जोडलेलं समुद्री राक्षसाचं नाव, क्रमांक एच ७२९४. येशूच्या वंशावळीतल्या या बाईला 'गर्व' असा अर्थ चिकटवणारे दुसराच शब्द वाचत असतात.

कनान आणि केनान हेही तसेच. कनानात काफ आणि आयिन आहे, केनानात कोफ आणि योद.

तपासा: प्रत्येक नावाची व्यंजनं अक्षरांच्या नावांनी लिहा, जसं की नोहा: नून, खेत. क्रमांक लिहिताना तो विशेषनामाचाच आहे ना, ते बघा. हाबेल एच १८९३ आहे. त्याच अक्षरांचा 'श्वास, वाफ' हा सामान्य शब्द एच १८९२.

## टप्पा ४: समांतर यादी शेजारी ठेवा

बरीच नावं दोनदा-तीनदा येतात. उत्पत्तीतल्या याद्या १ इतिहासात, रूथ ४:१८-२२ मधली १ इतिहास २ आणि मत्तय १ मध्ये. तुलना केल्याशिवाय अर्थाला हात लावू नका, कारण नावाचं लेखनच हलत असतं.

दालेत आणि रेश ही अक्षरं हिब्रूत इतकी सारखी दिसतात की नकलाकारांच्या हातून 'ध' चा 'मा' सहज झाला. उत्पत्ती १०:४ मध्ये दोदानीम, १ इतिहास १:७ मध्ये रोदानीम. दुसरं रूप धरलं तर ऱ्होड्स बेटाचे लोक निघतात आणि आजूबाजूच्या नावांशी ते नीट बसतं. रीफाथ आणि दीफाथ ही जोडीही तशीच. वाव आणि योद यांचीही अदलाबदल होते.

काही बदल मात्र हेतूने झालेले आहेत. शौलाच्या मुलाचं नाव १ इतिहास ८:३३ मध्ये एशबाल, २ शमुवेल २:८ मध्ये ईश-बोशेथ. योनाथानाचा मुलगा १ इतिहासात मरीब्बाल, २ शमुवेलात मफीबोशेथ. 'बाल' म्हणजे धनी, मालक, आणि ते कनानी देवाचंही नाव. 'बोशेथ' म्हणजे लाज. देवाच्या नावाऐवजी 'लाज' घालून लेखकांनी ते नाव उच्चारणं टाळलं. तेव्हा 'ईश-बोशेथ म्हणजे लाजिरवाणा माणूस, म्हणून त्याचं राज्य टिकलं नाही' हा उपदेश मुळातच चुकतो. बापाने ते नाव ठेवलेलंच नव्हतं. एशबाल हे त्या काळी प्रचारातलं नाव होतं याला दगडमातीचा पुरावाही आहे: इस्राएलमधल्या खिर्बेत केयाफा इथे सापडलेल्या एका रांजणावर हे नाव कोरलेलं आहे आणि तो लेख २०१५ साली प्रसिद्ध झाला.

नव्या करारातल्या याद्या ग्रीक आहेत, म्हणून तिथे आणखी एक पाऊल जास्त. लूक ३:३६ मध्ये अर्पक्षद आणि शेलह यांच्यामध्ये आणखी एक केनान आहे. उत्पत्ती ११ च्या हिब्रू पाठात तो नाही, जुन्या ग्रीक भाषांतरात आहे. मत्तयाच्या जुन्या हस्तलिखितांत आसा राजाच्या जागी 'आसाफ' असं वाचायला मिळतं. ग्रीक रूपावरून थेट अर्थ काढू नका. आधी त्याचं हिब्रू रूप शोधा आणि मग टप्पा ३ पुन्हा करा.

## टप्पा ५: कथा स्वतः काय सांगते ते लिहा

आता पाचवा रकाना. इथे फक्त मजकुरात जे लिहिलंय तेच उतरवायचं. पुष्कळ नावांना स्पष्टीकरण नाहीच. तिथे रेघ मारा. हाबेलाचं नाव 'वाफ, श्वास' या शब्दासारखं आहे आणि त्याचं आयुष्यही क्षणभराचं ठरतं, पण उत्पत्ती ४ त्याबद्दल एक अक्षर बोलत नाही. हे निरीक्षण तुमचं आहे. लिहायचं तर वेगळ्या शाईने लिहा.

जिथे स्पष्टीकरण आहे तिथे ते बहुधा नादावर चालतं. कथाकार नावाशी मिळताजुळता आवाज असलेला शब्द घेतो आणि प्रसंगाशी त्याची गाठ मारतो. यात काही चूक नाही. ही हिब्रू कथनाची जाणूनबुजून वापरलेली रीत आहे आणि ऐकणाऱ्याला ती लगेच कळत असे.

नोहाचं उदाहरण सावकाश बघू, कारण यात सगळंच सापडतं. नाव नून-खेत. ही दोन अक्षरं 'विसावणे' या धातूची आहेत: नून, वाव, खेत. पण उत्पत्ती ५:२९ मध्ये लामेख म्हणतो की हा आमचं सांत्वन करील, आणि तिथला धातू आहे नून-खेत-मेम, सांत्वन करणे. एक व्यंजन जास्त. म्हणजे कथेतलं स्पष्टीकरण 'सांत्वन' आणि नावाचं जवळचं मूळ 'विसावा'. जुन्या ग्रीक भाषांतरात त्याच वचनात 'हा आम्हांला विसावा देईल' असं आहे. नाव आणि धातू यांतलं अंतर पूर्वीपासून जाणवत होतं असं त्यावरून दिसतं. वहीत पाचव्या रकान्यात 'सांत्वन', सहाव्यात 'विसावा', चौथ्यात ग्रीक पाठाची नोंद. तिन्ही खरं आहे आणि तिन्ही आपापल्या जागी आहे.

१ इतिहास ४:९ मधल्या याबेसाची प्रार्थना प्रार्थनासभांमध्ये फार आवडीची आहे. आई म्हणते, क्लेशाने प्रसवले म्हणून याबेस. क्लेश हा शब्द आयिन-साद-बेत, आणि नावात क्रम आयिन-बेत-साद. अक्षरं तीच, क्रम उलटा. 'याबेस म्हणजे क्लेश' असं सरळ लिहिलंत तर चुकलात. 'कथेत त्याचं नाव क्लेश या शब्दाशी खेळवलं आहे' हे बरोबर.

याकोबाच्या मुलांची नावं (उत्पत्ती २९-३०) या टप्प्यासाठी सरावाला घ्या. योसेफाला तर लागोपाठच्या दोन वचनांत दोन स्पष्टीकरणं आहेत: देवाने माझी अप्रतिष्ठा दूर केली, आणि मला आणखी मुलगा देवो. पहिल्यातला धातू वेगळा, दुसऱ्यातला नावाचा. दोन्ही लिहा, एक निवडू नका. रऊबेनाचं नाव उघडच 'पाहा, मुलगा' असं ऐकू येतं, पण लेआ त्याचा संबंध आपलं दुःख परमेश्वराने पाहिल्याशी लावते.

सावधान: अब्राहाम या नावाला उत्पत्ती १७:५ मध्ये 'राष्ट्रसमूहाचा पिता' असं स्पष्टीकरण आहे. 'राहाम म्हणजे समूह' असा हिब्रू शब्द बायबलमध्ये कुठेच नाही. ते नादाचं नातं आहे. शब्दाचे तुकडे करून ते सिद्ध करायला जाऊ नका.

## टप्पा ६: भाषिक मूळ

आधी ठरावीक घटक ओळखा. 'एल' म्हणजे देव, सुरुवातीला किंवा शेवटी: एल्याकीम, महललेल, शल्तीएल. 'या', 'याहू', सुरुवातीला असल्यास 'यहो' किंवा 'यो': परमेश्वराचं नाव. 'अब' पिता, 'अह' भाऊ, 'अम्मी' माझे लोक, 'बेन' मुलगा. उरलेला भाग बहुधा क्रियापद असतो आणि सगळं मिळून एक छोटं वाक्य होतं. योनाथान म्हणजे परमेश्वराने दिलं. आपल्याकडचं देवदत्त अगदी याच घडणीचं. अम्मीनादाब, यहोशाफाट, हिज्कीया ही नावं अशीच उलगडतात.

वाक्याचा कर्ता कोण, हे नीट बघा. देवाचं नाव आलं की ते नाव बहुधा देवाबद्दल काही सांगत असतं, मुलाबद्दल नव्हे. यहोशाफाट म्हणजे परमेश्वराने न्याय केला. हा राजा न्यायी होता म्हणून त्याला ते नाव मिळालं असं म्हणता येत नाही. नाव तान्हेपणी ठेवतात.

काही नावांत देवाचा घटक गळून पडलेला असतो. यहूदाच्या आहाज राजाचं पूर्ण नाव यहोआहाज होतं, हे असिरियाच्या तिग्लथ-पिलेसर राजाच्या लेखावरून कळतं. याकोबाचंही तसंच असावं. कथेत टाच (उत्पत्ती २५:२६) आणि फसवणूक (२७:३६) अशी दोन स्पष्टीकरणं आहेत. पण इसवी सनपूर्व दुसऱ्या सहस्रकातल्या मेसोपोटेमियाच्या कीलाक्षरी (पाचरीसारख्या खुणांच्या लिपीतल्या) लेखांत याच धातूची, शेवटी देवाचं नाव असलेली नावं मिळतात आणि त्यांचा अर्थ 'देव रक्षण करो' असा लावतात. पाचव्या रकान्यात टाच, सहाव्यात रक्षण. ज्या पोराला घरचेच ठक म्हणतात त्याचं नाव मुळात आशीर्वाद असावं, ही गोष्ट मला दरवेळी थांबवते.

### नाव हिब्रू नसेल तर

हिब्रू धातू ओढूनताणून लावण्याआधी शेजारच्या भाषा बघा.

जरूब्बाबेल हे अक्कादी नाव आहे: बाबेलचं बीज, बाबेलची संतती. बंदिवासात जन्मलेल्या दावीदाच्या वंशजाला हे नाव आहे, हे समजल्यावर मत्तय १:१२ निराळंच वाचलं जातं. लेवीच्या वंशावळीत मिसरी नावं येतात. फीनहास (निर्गम ६:२५) हे मिसरी 'पा-नेहसी', म्हणजे दक्षिणेकडचा, नूबियाचा माणूस. मोशेबद्दल निर्गम २:१० 'पाण्यातून काढलं' असं सांगतं. मिसरी भाषेत मात्र 'मोसे' हा जन्मलेला, पुत्र या अर्थाचा घटक थुतमोस, रामसेस अशा नावांत दिसतो.

अब्राहामाच्या पूर्वजांपैकी सरुग, नाहोर आणि तेरह ही नावं हारान शहराच्या परिसरातल्या गावांच्या नावांशी जुळतात. सरुग म्हणजे आजच्या तुर्कस्तानातलं सुरुच. नाहूर हे गाव मारी या प्राचीन शहरातल्या कीलाक्षरी पत्रांत येतं, तेरहाशी जुळणारं तिल-तुराही हे नाव असिरियन लेखांत आहे. तेव्हा या तिघांचा अर्थ हिब्रू कोशात शोधून 'फांदी', 'घोरणे' वगैरे लिहिण्यापेक्षा 'हारान परिसरातलं स्थलनाम' ही नोंद जास्त भरवशाची.

### संस्कृतसारखं दिसणारं नाव

अब्राहाम म्हणजे ब्रह्मा, सारा म्हणजे सरस्वती, आदाम म्हणजे आदिम: हे संदेश आपल्याकडे सतत फिरतात. १ इतिहास २:९ मध्ये हेस्रोनाच्या मुलाचं नाव 'राम' वाचून तर अनेकजण चमकतात. साम्य दिसलं की तीन गोष्टी विचारा. दोन्ही शब्दांचे धातू आपापल्या भाषेत काय आहेत? एका भाषेतून दुसरीकडे जाण्याची मधली रूपं कुठे लिहिलेली सापडतात का? दोन्हींचा अर्थ एकाच गोष्टीकडे बोट दाखवतो का?

हिब्रू 'राम' म्हणजे उंच, उन्नत. संस्कृत राम 'रम्' धातूचा. अब्राम म्हणजे पिता उन्नत आहे. गणना १६ मधला अबीराम त्याच घडणीचा, आणि मेसोपोटेमियातही अशी नावं आहेत. ब्रह्म हा शब्द 'बृह्' धातूचा, वाढणे या अर्थाचा. मधली रूपं कुठेही नाहीत. तेव्हा नातं नाही.

याउलट उत्पत्ती १०:२ मधला यावान घ्या. हा आणि आपला 'यवन' खरोखर एकाच मुळाचे आहेत. आशिया मायनरच्या किनाऱ्यावरचे आयोनियन ग्रीक, जुन्या इराणी लेखांतले 'यौन', हिब्रूतला 'यावान', अशोकाच्या शिलालेखांतले 'योन' आणि संस्कृतातले 'यवन': सगळी साखळी लेखी स्वरूपात हाती आहे आणि प्रत्येक ठिकाणी रोख ग्रीकांकडेच आहे. कार्ल्याच्या लेण्यात खांबांवर यवन दात्यांचे लेख कोरलेले आहेत. उत्पत्तीतलं नाव आणि मावळातल्या खांबावरचं नाव एकच, हे सिद्ध करता येतं.

साम्य नसणं हाही पुरावा नव्हे. कोकणातल्या बेने इस्राएल या यहुदी लोकांत शमुवेलाचा समाजी झाला आणि यहेज्केलाचा हसाजी. १७९६ साली मुंबईतलं पहिलं सिनेगॉग (यहुद्यांचं प्रार्थनास्थळ) उभारणारे समाजी हसाजी दिवेकर म्हणजेच सॅम्युएल इझिकेल दिवेकर. कानाला ही नावं जुळत नाहीत, पण एकाच माणसाची दोन्ही रूपं नोंदलेली आहेत.

## टप्पा ७: खात्री नोंदवा

शेवटच्या रकान्यात तीनच शब्द वापरा: पक्कं, बहुधा, अंधुक. पेरेस म्हणजे 'फोडून निघणं': कथा (उत्पत्ती ३८:२९) आणि धातू दोन्ही एकच सांगतात, म्हणून पक्कं. याकोबाचं भाषिक मूळ बहुधा. लामेख अंधुक; त्याला जुळणारा हिब्रू धातूच नाही. बवाजही अंधुक, कितीही सुंदर अर्थ याद्यांत दिलेले असले तरी.

## पूर्ण तपासणी: उत्पत्ती ५ मधला 'गुप्त संदेश'

आदामापासून नोहापर्यंतच्या दहा नावांचे अर्थ ओळीने लावले की तारणाचा निरोप तयार होतो, असा संदेश वर्षानुवर्षं फिरतोय: माणूस, नेमलेला, मर्त्य, दुःख, धन्य देव, खाली येईल, शिकवत, त्याचं मरण आणील, हताशांना, विसावा. विश्वासू लोक तो मनापासून पुढे पाठवतात. म्हणूनच तो काळजीपूर्वक तपासायला हवा.

आदाम, शेथ, अनोश ठीक आहेत. शेथाला तर उत्पत्ती ४:२५ चा आधार आहे. केनानाला 'दुःख' म्हणायला विलापगीत या अर्थाचा एक हिब्रू शब्द धरला आहे; पण नावाची घडण काइनाच्या नावासारखी आहे आणि काइनाला 'दुःख' कुणीच म्हणत नाही. महललेल म्हणजे देवाची स्तुती, 'धन्य देव' नव्हे. यारेद उतरण्याच्या धातूशी जोडता येतो, इथपर्यंत मान्य. हनोखाचा धातू समर्पण करणे, वळण लावणे असा आहे, हनुक्का या यहुदी सणाच्या नावात तोच आहे. 'शिकवत' हे त्यातून ओढून आणावं लागतं.

मथुशलहाबद्दल सगळ्यात जास्त सांगितलं जातं: 'त्याचं मरण येताच ते येईल', म्हणजे जलप्रलय. आकडे खरोखर जुळतात. १८७, १८२ आणि ६०० मिळून ९६९, म्हणजे तो प्रलयाच्याच वर्षी मरतो. पण नाव ते म्हणत नाही. 'त्याचं मरण' लिहायला मेम आणि ताव यांच्या मध्ये वाव लागतो, तो नाही. भविष्यकाळी क्रियापदाला सुरुवातीचं योद लागतं, तेही नाही. पहिला भाग 'पुरुष' या अर्थाचा जुना शब्द आहे, मथुशाएलात तोच दिसतो. 'शलह' हे भाला, शस्त्र किंवा एखादं विशेषनाम असावं. नोंद: पहिला भाग बहुधा, दुसरा अंधुक. लामेखाचं वर आलंच. शिवाय हनोख आणि लामेख ही नावं काइनाच्या वंशातही आहेत; तिथे त्यांचा अर्थ काय करायचा, हे या संदेशात कुणी सांगत नाही.

उत्पत्ती ५ वर बोलायचं असेल तर ५:२९ घ्या. तिथे मजकूर स्वतः नावाचा अर्थ सांगतो, शापित भूमीचा आणि हातांच्या कष्टांचा उल्लेख करतो, आणि एका बापाची आशा बोलून दाखवतो. उरलेल्या नावांपुढे वहीत जे आलं असेल, रेघ असेल तर रेघ, तेच वाचून दाखवा.